खैरानच्या निवडणुकीत न दिलेलं उत्तर

दिगंबरभाऊ, तुम्ही गेल्यापासून आमच्या वॉर्डातलं चार नंबरचं डायलिसिस मशीन पुन्हा बोंबलायला लागलंय. नवा इंजिनिअर येतो, मॅन्युअल उघडतो, सगळं शांतपणे तपासतो आणि सही करून जातो. मुलगा शहाणा आहे, पण मशीनशी बोलत नाही. तुम्ही मशीनला लातूरच्या भाषेत शिव्या घालायचात आणि ते गप्प बसायचं. परवा आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी तुमच्यातलीच एक शिवी घालून पाहिली. मशीन काही गप्प बसलं नाही, मलाच रडू आलं.

कुवेतच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर तुमच्याबद्दल सगळे इतकं चांगलं लिहितायत की वाचताना वाटतं, हा कोण बुवा? 'हसतमुख, मनमिळाऊ, सदैव मदतीस तत्पर.' मदतीचं खरं आहे. पण हसतमुख तुम्ही कधी होतात? तुमचा चेहरा कायम हरवलेला स्क्रू शोधत असल्यासारखा. आणि मनमिळाऊ तर मुळीच नव्हतात, सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी तुम्ही फाटे फोडायचात. मला तेच आवडायचं. माझा नवरा देवमाणूस आहे, कशालाही 'बरं' म्हणतो, त्याच्याशी भांडता येत नाही. भांडायला मला तुम्ही होतात.

आणि आपलं भांडण कशावरून, तर अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरून! ड्यूटी संपली की फरवानियातल्या त्या चहावाल्याकडे करक म्हणतात त्या कडक चहाचे दोन कप घेऊन आपण उभे. एक कोकणातली नर्स, एक लातूरचा मशीन दुरुस्त करणारा. अमेरिकेत आपल्याला मत नाही, कुवेतमध्ये नाही, आणि गावच्या मतदारयादीत नाव शिल्लक आहे की नाही ते बघायला कधी वेळ झाला नाही. तरीही तुम्ही तिथल्या राज्यांची गणितं अशी मांडायचात की चहावाला मल्याळी पोरगाही कान टवकारायचा. घरचं झालं थोडं, असं वैशालीवहिनी म्हणायच्या, ते खोटं नव्हतं.

तुमचं म्हणणं असं की हे सगळं तुम्ही तरुणपणी लातूरलाच पाहिलेलं. चुलते जिल्हा परिषदेला उभे होते आणि तुम्ही भिंती रंगवायचात. "ताई, आमच्या झेडपीत जे चालतंय तेच तिकडं चालतंय. निस्तं इंग्रजीत." पण एका बाबतीत तुम्ही अमेरिकेला मानायचात. समोरच्याचं देशावर प्रेम नाही, हे न म्हणता म्हणायची त्यांची जी कला, तिला तुमच्या मते जगात तोड नव्हती. एखादा लढाईतून जखमी होऊन पदकं घेऊन आलेला असेल, तर हल्ला त्या पदकांवरच करायचा. एखाद्याच्या कोटावर झेंड्याची पिन नसेल, तर दिवसच्या दिवस त्या पिनेवर चर्चा. एखाद्याला म्हणायचं जन्मदाखला दाखव, आणि त्याने दाखवला की म्हणायचं, एवढा उशीर का केलास? दुबळ्या बाजूवर कुणीही वार करतो, तुम्ही सांगायचात, खरा खेळाडू बळकट बाजूवर करतो. उमेदवाराने स्वतः तोंड उघडायचं नाही, ते त्याच्या माणसांनी करायचं. आणि आरोप तर करायचाच नाही. नुसतं विचारायचं.

मी चिडायचे. "लोक काय बावळट आहेत का, भाऊ?"

"बावळट न्हाईत. भ्यालेले हायेत. भ्यालेल्या माणसाला कोण आपला, कोण परका, एवढंच बघायचं असतंय."

"मग समोरच्याने सरळ सांगावं ना, आहे माझं देशावर प्रेम."

"आन् दाखवायचं कसं? डब्यात घालून?"

मग मी म्हणायचे की असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचंच कशाला, उत्तर देणं हाच अपमान. तुम्ही म्हणायचात, गप्प बसला की मेला. दर चार वर्षांनी तोच वाद, तोच चहा, आणि कप रिकामे झाले तरी आपलं मिटायचं नाही.

खैरानचा खेळ तुम्हीच काढलात. नोव्हेंबरात हवा जरा थंड झाली की आपण सात-आठ घरं मिळून खैरानला समुद्रकाठी शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्याने घ्यायचो. बायका-पोरं, कोळसा, मॅरिनेट केलेलं चिकन, वहिनींची शेंगदाण्याची चटणी. ज्या वर्षी अमेरिकेची निवडणूक, त्या वर्षी दुपारच्या जेवणानंतर आपलीही निवडणूक. चिठ्ठ्या टाकून दोन उमेदवार, प्रत्येकाला एक मॅनेजर, पाच-पाच मिनिटांची भाषणं, उत्तराला तीन मिनिटं, मग हात वर करून मतदान. हरेल त्याने भांडी घासायची. पोरं इंग्रजीत ओरडून पाठिंबा द्यायची. बायकोवर किंवा नवऱ्यावर बोलायचं नाही, एवढा एकच नियम. बाकी काहीही चालेल.

त्या वर्षी माझी चिठ्ठी निघाली. समोर पुण्याचे एक लाजाळू अकाउंटंट, आणि त्यांचे मॅनेजर तुम्ही. सगळ्यांना वाटलं मीच जिंकणार, कारण मला बोलता येतं आणि त्यांना येत नाही. माझी बळकट बाजू म्हणजे माझं काम. प्रत्येक घरात कुणाचं तरी इंजेक्शन मी दिलेलं, कुणाच्या तरी म्हातारीजवळ मी बसलेली. तुम्ही उभे राहिलात, शर्टाच्या बाह्या वर केल्यात, आणि नेमका त्याच बाजूवर वार केलात.

"मी कुणावर आरोप करीत नाही," तुम्ही म्हणालात. "मी निस्तं विचारतो. कोकणातल्या एका आरोग्य केंद्रात नर्सची जागा रिकामी हाय. कुणी सांगितलं मला? खुद्द उमेदवार बाईंनी." हशा. "तिथल्या म्हातारीचं बीपी कोण बघतंय? कुणीच न्हाई. इथल्या लोकांचं कोण बघतंय? या बघत्यात. माझं असं म्हणणं न्हाई की यांचं देशावर प्रेम न्हाई. मी आपलं निस्तं विचारतो."

टाळ्या पडल्या. माझा नवराही हसत होता, त्या क्षणी त्याच्याही लक्षात आलं नाही. तुमचं भाषण अप्रतिम झालं, भाऊ. त्यात खोटं असं एक अक्षर नव्हतं.

मला उत्तराला तीन मिनिटं होती. मी उठले, हसले, "पाणी आणते" म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाहेर मतदान झालं. तुम्ही जिंकलात.

जागा रिकामी आहे हे मी तुम्हाला चहा पिताना सांगितलं होतं, सरकारला शिव्या घालताना सहज. पुढचं सांगितलं नव्हतं. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा शेजाऱ्यांनी तिला त्याच केंद्रात नेलं. तिथे कोणी नव्हतं. व्हरांड्यातल्या बाकावर तिला निजवून जीप शोधायला माणूस पाठवला, आणि जीप मिळेपर्यंत ती तिथेच. पुढे ती वर्षभर जगली, पण वाचा गेली ती गेलीच. मी पंधरा दिवसांची रजा काढून गेले. ती माझ्याकडे बघायची आणि डाव्या हाताने माझ्या हातावर थापट्या मारायची. त्या थापट्यांचा अर्थ ये होता की जा होता, मला आजवर कळलेलं नाही. रजा संपली, मी परत आले आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीला लागले. हे मी कुणाला सांगत नसे. वैशालीवहिनींना तेवढं एकदा बोलले होते.

त्यांनीच परतीच्या वाटेवर गाडीत तुम्हाला सांगितलं. मला दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला, "सुनंदा, हे जेवले नाहीत गं. तू काही मनात ठेवू नको." मी म्हटलं, "छे हो वहिनी, खेळ होता." त्या आठवड्यात तुम्ही चहाला आला नाहीत. मग आलात तेव्हा निवडणूक हा विषय काढला नाहीत, आखाती हवामानावर बोललात. तुम्ही आणि हवामान! मला हसू यायला हवं होतं.

मला तुमचा राग आला होता का? आला होता. पण तो राग आरोपाचा नव्हता, तो आरोप मी स्वतःवर रोज करत होतेच. आपण सगळेच करतो. तुम्ही ज्या उमेदवारांच्या गोष्टी सांगायचात त्यांच्याकडे निदान पदक होतं, दाखला होता, काहीतरी काढून दाखवायला होतं. आपण घर सोडून आलेली माणसं. आपल्याला कुणी विचारलं, तुमचं प्रेम होतं तर मग गेलात कशाला, तर आपण काय दाखवणार? व्हिसाचा शिक्का? म्हणून तो हल्ला अमेरिकेत जेवढा लागतो त्याच्या दसपट खैरानला लागतो, हे तुमच्यासारख्या हुशार माणसाच्या ध्यानात आलं नाही. अशी चूक आपल्यातलाच माणूस करू शकतो, बाहेरच्याला तेवढी आतली माहितीच नसते.

मधली निवडणूक करोनात गेली. खैरान नाही, चहा नाही, माणसाला माणूस नाही. आम्हा नर्सेसना हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये वेगळं ठेवलेलं. तुम्ही तुमच्या ड्यूटीच्या दिवशी गेटवर डबा ठेवून जायचात, वहिनींचे धपाटे आणि चटणी, आणि लांब गाडीपाशी उभे राहून मी डबा उचलेपर्यंत बघत राहायचात. मी हात हलवायचे. मास्क लावलेले तुम्ही तिथूनच ओरडायचात, "ताई, तूप वरून घाला, कोरडे झालेत!" त्या दिवसांत मी ते धपाटे खाऊन जगले असं म्हटलं तरी चालेल. तेव्हा मला वाटलं, झालं, मिटलं. आता तेवढ्यावर भागायला हरकत नाही.

तुमचं भागलं नव्हतं. मागच्या निवडणुकीच्या वर्षी पुन्हा खैरान ठरलं. चिठ्ठ्या काढायची वेळ आली आणि तुम्ही, जन्मात कधी उमेदवार न झालेले, उठून म्हणालात, "चिठ्ठ्या ऱ्हाऊ द्या. या टायमाला मी उभा हाय. मॅनेजर नको मला. आन् माझ्यावर बोलायचं सुनंदाताईंनी. काय बी बोला. नियम न्हाई."

सगळे ओरडले, टाळ्या वाजल्या. मला मात्र लगेच कळलं. कारण त्याच्या आधीचे दोन महिने चहाला तुम्ही मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होतात. मंदार, तुमचा एकुलता एक, अमेरिकेचा नागरिक झाला होता. शपथ घ्यावी लागते, तुम्ही सांगायचात, हात वर करून म्हणावं लागतं की मागच्या देशाशी असलेली निष्ठा सोडली. "फोनवर म्हणून दाखवलं त्यानं मला, ताई. पाठ केलं होतं." त्याने तिथे पहिल्यांदा मतदानही केलं होतं. मी म्हणायचे, पोराचं चांगलं झालं. तुम्ही म्हणायचात, "तसं न्हाई, तुम्ही ध्यानात ठेवा." तेव्हा मला कळेना की हे मी कशाला ध्यानात ठेवायचं. खैरानला कळलं. तुम्ही मला दारूगोळा पुरवत होतात. तुमच्या दुखऱ्या जागेवर नेमकं कुठे मारायचं ते दाखवून ठेवलं होतंत, आणि आता सगळ्यांसमोर येऊन उभे राहिला होतात, मार म्हणून. तुमची माफी मागायची पद्धत ती.

आणि मी काय केलं? मी तुमच्या चहातल्या साखरेवर बोलले. तुम्ही दुरुस्त केलेल्या मायक्रोवेव्हमधून नेहमी दोन स्क्रू उरतात, त्यावर बोलले. गाडीचा एसी बंद ठेवून पेट्रोल वाचवणारा उमेदवार देशाची तिजोरी कशी सांभाळेल, वगैरे. लोक पोट धरून हसले. मी फार मजेदार बोलले त्या दिवशी. मला वाटलं, मी तुम्हाला सोडून देतेय, मोठ्या मनाने. तुम्ही हात जोडून उभे होतात आणि एकटे तुम्हीच हसत नव्हतात.

संध्याकाळी मी बाहेरच्या नळावर पायाची वाळू धूत होते. तुम्ही येऊन उभे राहिलात.

"लई वरवरचं बोललाव, ताई."

"अहो, खेळ आहे भाऊ."

"माझा खेळ नव्हता."

एवढ्यात कोळशावरून कुणीतरी हाक मारली, चिकन करपतंय म्हणून, आणि तुम्ही गेलात. तो विषय त्यानंतर निघाला नाही. मी काढला नाही. तुम्ही तुमच्या बाजूने जे करायचं ते करून चुकला होतात, पुढची चाल माझी होती.

आता तुम्हाला जे माहीत नाही ते सांगते. तुम्हाला लातूरला पाठवायची कागदपत्रं होईपर्यंत आम्ही सगळे तुमच्या महबूल्यातल्या घरी जाऊन-येऊन होतो. मंदार आला. त्याला व्हिसाला काही अडचण आली नाही. हॉलमध्ये आपल्या मंडळातले एक जुने काका बसले होते, तुम्ही ज्यांना पाठीमागे 'सेन्सॉर बोर्ड' म्हणायचात ते. मंदार आत वहिनींजवळ होता. काका चहा पिता पिता म्हणाले, "अमेरिकेचा पासपोर्ट ना, त्याला काय कमी. मी कुणाला नावं ठेवत नाही. पण ज्याने देशच सोडला, तो बापाला काय धरणार होता?"

चार माणसांनी माना डोलावल्या. अगदी तुमच्याच पद्धतीचं वाक्य होतं, भाऊ. नावं न ठेवता ठेवलेलं.

माझं डोकं फिरलं. माझ्या हातात ट्रे होता, तो मी खाली ठेवला. "काका," मी म्हटलं, "आपण इथे कुवेतमध्येच जन्मलोय का? माझी आई गावच्या आरोग्य केंद्राच्या बाकावर पडून होती आणि तिथे नर्स नव्हती. मी नर्स होते, आणि मी इथे होते. माझं आईवर प्रेम नव्हतं, असं म्हणायचंय तुम्हाला? म्हणायचं असेल तर मला तोंडावर म्हणा. त्या पोराला सोडा."

आवाज नको तेवढा चढला होता. काका 'अगं, तसं नाही, तसं नाही' करत राहिले. ज्यांनी त्या वर्षी खैरानला टाळ्या वाजवल्या होत्या त्यातले दोघे-तिघे तिथेच होते. एकीने डोळ्याला पदर लावला. माझा नवरा माझ्याकडे बघत राहिला, या वेळी त्याने 'बरं' म्हटलं नाही.

मी स्वयंपाकघरात गेले तर मागून मंदार आला. तुमच्यासारखाच उभा राहतो, एका पायावर भार टाकून. "सुनंदामावशी, ते हेल्थ सेंटरचं... म्हणजे त्या तुम्ही होतात?"

"तुला काय माहीत?"

"बाबांनी सांगितलं होतं. माझी ओथ झाली त्या दिवशी. मी विचारलं, तुम्हाला वाईट वाटलं का, मी सिटिझन झालो म्हणून. तर म्हणाले, हा प्रश्न कुणी कुणाला विचारू नये. म्हणाले, मी एकदा खेळात एका बहिणीला विचारला. तिच्या आईचं, त्या हेल्थ सेंटरचं सांगितलं, नाव नाही सांगितलं. तिला केवढं लागलं ते तिने मला अजून सांगितलं नाही म्हणाले."

मी गॅसकडे वळले आणि त्याच्यासाठी जेवण गरम करायला ठेवलं.

"त्यांनी सॉरी म्हटलं का तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं. "म्हटलं होतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

भाऊ, त्या पोराला मी काय सांगू? साखर आणि स्क्रू सांगू? मी म्हटलं, जेवून घे बाळा, विमानात काही धड मिळत नाही. त्याने दोन घास खाल्ले आणि तो तुम्हाला घेऊन लातूरला गेला.

तर आता ऐका. लागलं होतं. फार लागलं होतं. इतकं, की नळाखाली हात धरून मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही. आणि तुम्ही माफी मागितलीत ती मला त्याच दिवशी, तुम्ही उठून उभे राहिलात तेव्हाच कळली होती. मी मोठं मन दाखवायला गेले आणि तुम्हाला तसंच उभं ठेवलं. त्या दुपारी सगळ्यांसमोर मी एकच वाक्य बोलायला हवं होतं: भाऊ, तुम्ही माझ्या आईवर बोललात. मग तुम्ही रडला असतात, मीही रडले असते, आणि वैशालीवहिनींनी दोघांनाही रागावून जेवायला बसवलं असतं.